शहर कुणासाठी निवडायचं?

प्रश्न : ताईंना सप्रेम नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातला. धुळ्याच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात सहा वर्षं शिकवतोय, पण पद कायम नाही. वय ३२. इलेक्ट्रिकलमध्ये परदेशात मास्टर्स करायचं ठरवलं आहे आणि चार ठिकाणांहून प्रवेशपत्रं आली आहेत : जर्मनीत म्युनिक आणि माग्डेबुर्ग, ऑस्ट्रेलियात मेलबर्न, इंग्लंडमध्ये लीड्स (एक वर्षाचा वर्गात बसून शिकायचा अभ्यासक्रम). पत्नी डी.फार्म. आहे, मेडिकलवर काम करते. मुलगी पाच वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. जायचं तर चौघांनी, हे पक्कं. शिक्षणकर्ज मंजूर होत आलंय. कमी पडेल ते वडील दोन एकर कापसाचं शेत विकून देतो म्हणतात. मित्र म्हणतात, रँकिंग बघ आणि म्युनिक नाहीतर मेलबर्न घे, माग्डेबुर्गचं नाव कुणी ऐकलंय? पत्नी म्हणते, तुम्ही ठरवाल तिथे मी येईन. कोणतं शहर निवडू?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्नीचं ते वाक्य मी तीनदा वाचलं. त्याच्याकडे परत येते. आधी लीड्स बाजूला काढू, म्हणजे यादी खरी होईल. जानेवारी २०२४ पासून ब्रिटनने नियम बदलला आहे. वर्गात शिकायच्या मास्टर्सच्या विद्यार्थ्याला पती, पत्नी किंवा मुलांना अवलंबित म्हणून नेता येत नाही. पीएच.डी. आणि संशोधनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना, शिवाय सरकारी शिष्यवृत्तीवर जाणाऱ्यांना ती मुभा आहे, तुमच्या अभ्यासक्रमाला नाही. चौघांनी जायचं हे पक्कं असेल तर लीड्सचा विचार इथेच संपला. तिथे जागा धरून ठेवायला पैसे भरले नसतील तर भरू नका.

राहिली तीन शहरं. त्यांच्याबद्दल सांगण्याआधी माझं सांगते, कारण मी जे सांगणार आहे ते त्या एका वर्षातून आलं आहे.

मी २०१६च्या ऑक्टोबरात जर्मनीला गेले, केमिकल इंजिनिअरिंगच्या मास्टर्सला. मलाही दोन शहरं मिळाली होती. एक दक्षिणेतलं मोठं, नावाजलेलं शहर आणि दुसरं माग्डेबुर्ग. मी नाव पाहिलं. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती, नवरा जळगावला एका कारखान्यात नोकरीला. ठरलं असं, की मी पुढे जाऊन घर शोधायचं आणि दोन महिन्यांत दोघांना बोलवायचं. मुलगी तोवर भुसावळला माझ्या आईवडिलांकडे, आणि नवरा रोज जळगाव-भुसावळ अप-डाउन करणार.

दोन महिन्यांचं वर्ष झालं. मला खोली मिळाली होती, पण ती एका माणसाची, बारा चौरस मीटरची, सामाईक स्वयंपाकघर. जर्मनीत कुटुंबाला बोलवायचं तर व्हिसासाठी पुरेशी राहण्याची जागा दाखवावी लागते. कायद्यातलीच अट आहे ती. माझ्या खोलीच्या करारावर माझं कुटुंब बसत नव्हतं. दोन खोल्यांचं घर बघायला गेलं की जिन्यापासून रांग. तिथले पगारदार लोक हातात फाइल घेऊन उभे, तीन महिन्यांच्या पगारपत्रकांसह, आणि त्यांच्यात मी, विद्यार्थिनी, नवरा भारतात, लहान मूल. घरमालकाने माझा कागद खालीच ठेवायचा. एकोणतीस घरं पाहिली. मार्चमध्ये माझ्या लक्षात आलं की विद्यापीठ चांगलं आहे, प्राध्यापक चांगले आहेत, आणि तरीही हे शहर माझ्या घराला आत घेणार नाही. पुन्हा अर्ज केला आणि २०१७च्या ऑक्टोबरला माग्डेबुर्गला नव्याने पहिल्या सेमेस्टरला बसले. पाच आठवड्यांत घर मिळालं.

म्हणून मी प्रत्येकाला हेच सांगते, आणि तुम्हालाही सांगते. कुटुंब घेऊन जाताना शहर विद्यार्थ्यासाठी निवडायचं नसतं. विद्यार्थ्याचा दिवस कुठेही सारखाच जातो, वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय. तुमचे वर्गमित्र असतील, गाइड असेल. शहर खऱ्या अर्थाने भोगणार आहे ती दिवसभर घरी आणि बाहेर एकटी वावरणारी तुमची पत्नी, दोन मुलांना घेऊन. 'तुम्ही ठरवाल तिथे येईन' हे प्रेमाचं वाक्य आहे, पण त्यावर निर्णय करू नका. त्यांना एकटीला बसवून विचारा, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच तू तिथे काय करणार आहेस असं तुला वाटतं? त्यांचं उत्तर ऐकल्याशिवाय फी भरू नका.

आता म्युनिक. 'जर्मनीत शिक्षण फुकट' हे आपल्याकडे इतकं पसरलंय की लोक पुढचं विचारतच नाहीत. बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही हे खरं. पण शेजारच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमेस्टरला १,५०० युरो लागतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४च्या हिवाळी सेमेस्टरपासून मास्टर्ससाठी सेमेस्टरला ४,००० किंवा ६,००० युरो फी लावली आहे. तुमचं प्रवेशपत्र त्याच विद्यापीठाचं असेल तर चार सेमेस्टरचा हिशेब आधी करा. आणि फीपेक्षा मोठी गोष्ट घराची. म्युनिक हे जर्मनीतलं सर्वांत महागड्या घरांचं शहर आहे. चौघांसाठी घर मिळेपर्यंत तुम्ही तिकडे आणि ते तिघे अमळनेरला, असं वर्ष तुम्हाला चालणार आहे का? 'लांबच्या गावात घर घेऊ, अप-डाउन करू' असं मनात असेल तर तेही तपासून घ्या. भुसावळ-जळगाव आपण डोळे मिटून करतो, कारण मागे पोरांना बघायला आजी असते. तिथे बालवाडी साडेचार-पाचला बंद होते आणि दारात तुम्हा दोघांपैकी एकालाच उभं राहायचं असतं.

माग्डेबुर्गचं नाव कुणी ऐकलं नाही, असं तुमचे मित्र म्हणतात. शाळेत सगळ्यांनी ऐकलेलं असतं, लक्षात राहत नाही एवढंच. तांब्याचे दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढली आणि दोन्हीकडून घोडे लावूनही ते सुटेनात, हवेच्या दाबाचा तो प्रयोग आठवतो ना? तो करणारा ओट्टो फॉन गेरिके याच शहराचा महापौर होता, आणि विद्यापीठ त्याच्याच नावाचं आहे. एल्ब नदीकाठचं शहर, ट्राम आहे, बर्लिन रेल्वेने दोन तासांच्या आत. पूर्व जर्मनीतलं असल्यामुळे भाडी कमी. आणखी एक गोष्ट पूर्वेकडून आलेली आहे. तिथे समाजवादी राजवटीत बायका सर्रास नोकऱ्या करायच्या, त्यामुळे लहान मुलांची पाळणाघरं गल्लोगल्ली होती, आणि ती सवय टिकली. एक वर्षाच्या पुढच्या मुलाला पाळणाघराची जागा मिळण्याचा हक्क ऑगस्ट २०१३ पासून सबंध जर्मनीत आहे. पण हक्क असणं वेगळं आणि जागा मिळणं वेगळं. पूर्वेकडे जागा मिळण्याची शक्यता जास्त, एवढं मी स्वतः पाहिलेलं आहे.

तिथलं घर कसं असतं ते सांगते, म्हणजे पैसे बाजूला ठेवाल. आमच्या घराची किल्ली हातात आली, दार उघडलं, आणि स्वयंपाकघरात फक्त भिंत. ओटा नाही, शेगडी नाही, सिंकही नाही. भिंतीतून दोन नळाची तोंडं बाहेर आलेली आणि छतातून दिव्याच्या वायरी लोंबत होत्या. आधीचा भाडेकरू सगळं काढून घेऊन गेला होता, आणि तिथे ती रीतच आहे. नोव्हेंबरात मी नवऱ्याला आणि मुलीला घेऊन आले, तेव्हा मी एका खोक्यावर एकच विजेची शेगडी ठेवून स्वयंपाक करत होते आणि भांडी न्हाणीघरात घासत होते. पहिल्या रात्री कळण्याच्या भाकरी केल्या, आईने पाठवलेल्या पिठाच्या. शेगडी इतकी हळू तापायची की तीन भाकरींना पाऊण तास लागला. सांगायचं कारण, जाहिरातीत 'आइनबाउक्युशे' हा शब्द शोधा. म्हणजे बसवलेलं स्वयंपाकघर. आणि भाड्याचे दोन आकडे असतात. 'काल्ट' म्हणजे नुसत्या जागेचं, 'वार्म' म्हणजे हीटिंग, पाणी धरून. तुमचा हिशेब नेहमी वार्मवर करा, वर वीज वेगळी. माझं ५८ चौरस मीटरचं घर होतं, २०१७ला ४३० युरो वार्म. आज तेवढ्यात मिळेल असं धरू नका.

आता मुलांचं. हा भाग जरा सविस्तर सांगते, कारण याची कल्पना कुणीच देत नाही. तिकडे पाळणाघर आणि बालवाडी मिळून एकच संस्था असते, तिला 'किटा' म्हणतात. आपल्याकडे जूनमध्ये पोरगं रडत रडत बाईंच्या हाती देतो आणि पाठ फिरवतो. तिथे तसं चालत नाही. मूल रुळेपर्यंत आई किंवा बापाने सोबत बसायचं असतं, दोन-तीन आठवडे, कधी चारही. पहिले काही दिवस खोलीच्या कोपऱ्यात नुसतं बसायचं, बोलायचं नाही, खेळायचं नाही. मग बाई सांगतात, आज दहा मिनिटं बाहेर जा. मग अर्धा तास. माझे वर्ग चालू होते, म्हणून नवरा बसला. सहा फुटांचा माणूस, ढोपरापर्यंत येणाऱ्या खुर्चीवर. पहिल्या दहा मिनिटांना तो बाहेरच्या बोळात उभा राहिला. तिथे एका रांगेत खुंट्या होत्या, प्रत्येक खुंटीवर चिखलात खेळायची रबरी विजार आणि वर मुलाच्या नावाऐवजी एकेक चित्र, कारण मुलांना वाचता येत नाही. आमच्या मुलीला गोगलगाय मिळाली होती. आतून तिचा रडण्याचा आवाज येत होता आणि त्याने त्या गोगलगायीच्या चित्राकडे बघत घड्याळ मोजलं. त्याला आत जाता येत नव्हतं. सातव्या मिनिटाला आवाज थांबला. संध्याकाळी मला हे सांगताना त्याचा कंठ दाटला होता.

तुमची दोन मुलं, म्हणजे हे दोनदा. सेमेस्टर ऑक्टोबरात सुरू होतो, तेव्हा हे काम पत्नीवर येणार. त्याच महिन्यांत त्यांचा जर्मन वर्गही सुरू झालेला असेल. म्हणून घर निवडताना नकाशावर चार ठिकाणं मांडा : घर, किटा, जर्मन वर्ग, विद्यापीठ. पहिली तीन चालत जाण्याइतकी किंवा एका ट्रामवर हवीत. चौथं लांब असलं तरी चालेल, तिथे तुम्हाला एकट्याला जायचं आहे. सहा वर्षांखालची मुलं ट्राम-बसमध्ये फुकट असतात, पण डिसेंबरात बाबागाडी, एक चालणारं मूल आणि बर्फ घेऊन ट्राम बदलणं म्हणजे काय, ते केल्याशिवाय कळत नाही. मुलगी सहाची झाली की शाळा सक्तीची, आणि ती सरकारी शाळा विनामूल्य. भाषेची काळजी तुम्हाला वाटेल, मुलांना वाटत नाही.

तुमच्या वयाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. जर्मनीत विद्यार्थ्यांचा स्वस्त सरकारी आरोग्यविमा ३० वर्षांपर्यंतच मिळतो. त्यात पत्नी आणि मुलं वेगळा हप्ता न भरता येतात. तुम्ही ३२चे, म्हणजे ती सवलत तुम्हाला नाही. तुम्हाला खासगी विमा घ्यावा लागेल आणि चौघांचा वेगवेगळा. तो कुठल्या आजाराला चालतो, कुठल्या नाही, हे सही करण्याआधी वाचा. यातून वाट आहे, पण ती तुमच्या पत्नीच्या हातात आहे. विद्यार्थ्याच्या पत्नीला तिथे नोकरी करायला परवानगी असते. त्यांना किरकोळ कामाच्या मर्यादेपेक्षा जास्त पगाराची, विम्याची नोकरी मिळाली की त्या सरकारी विम्यात येतात आणि त्यांच्या नावावर तुम्ही आणि मुलंही. आमच्याकडे असंच झालं. माझी तिशी उलटली तेव्हा नवऱ्याला गोदामात नोकरी लागली होती, आणि मी त्याच्या विम्यावर आले. ती नोकरी मिळायला मात्र त्याला अकरा महिने लागले, आणि ते अकराही महिने भाषेचे होते.

म्हणून भाषा. पत्नीच्या व्हिसासाठी साधारणपणे ए-१, म्हणजे अगदी पहिल्या पातळीची जर्मन लागतेच. आजच सुरुवात करा, पुण्याच्या माक्स म्युलर भवनात परीक्षा होते, शिकवणी घरबसल्याही होते. पण ए-१ हे फक्त दार उघडण्यापुरतं. औषधांचं काम तिथे परवान्याचं आहे. डी.फार्म.वर लगेच औषधाच्या दुकानात उभं राहता येणार नाही, पदविकेची मान्यता आणि चांगली जर्मन दोन्ही लागतं. त्यांना हे आधी सांगा. 'तिथे तुझ्या लाइनचं काम मिळेल' असं सांगून नेऊ नका.

इथे मेलबर्नची बाजू येते आणि ती कमी लेखण्यासारखी नाही. तिथे भाषा इंग्रजी, मास्टर्स करणाऱ्याच्या जोडीदाराला तासांची मर्यादा न घालता काम करता येतं, आणि तुमच्या पत्नीला पहिल्या महिन्यात कुठेतरी काम मिळण्याची शक्यता जर्मनीपेक्षा पुष्कळ जास्त. पण पैशांचा हिशेब बघा. मे २०२४ पासून व्हिसासाठी वर्षाच्या राहणीमानाचे जे पैसे दाखवावे लागतात ते असे आहेत : विद्यार्थ्याचे २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर, जोडीदाराचे १०,३९४, प्रत्येक मुलाचे ४,४४९. शाळेत जाणाऱ्या मुलामागे आणखी १३,५०२. तुमच्या चौघांचे झाले ६२,५०४ डॉलर, आणि यात कॉलेजची फी आणि विमानाची तिकिटं नाहीत. पाच वर्षांच्या मुलीची शाळा तिथे तुमच्यासाठी फुकट नाही, आणि मुलाच्या पाळणाघराला जी सरकारी सवलत तिथल्या लोकांना मिळते ती परदेशी विद्यार्थ्याला, मोजके अपवाद सोडले तर, मिळत नाही. म्हणजे पत्नीने कमवायचं आणि त्यातला मोठा वाटा पाळणाघरात द्यायचा. जर्मनीत तुम्हाला ब्लॉक खात्यात (ज्यातून दर महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते) एका वर्षाचे ११,९०४ युरो, महिन्याला ९९२, ठेवावे लागतात (माझ्या वेळी महिन्याला ७२० होते) आणि कुटुंबाचं वेगळं दाखवावं लागतं. पण शाळेची फी नाही, आणि माग्डेबुर्गला ट्यूशन फीही नाही.

दोन एकर विकायची वेळ येते ती मेलबर्नला आणि म्युनिकला. माझं मत स्पष्ट आहे, शेत विकू नका. वडिलांनी मनापासून म्हटलं असेल, आणि म्हणूनच तुम्ही नाही म्हणायला हवं. विकलेलं शेत आपल्या भागात परत येत नाही. दोन वर्षं बटाईने द्या.

माग्डेबुर्गचं वाईटही सांगते. डिसेंबरात सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि चारच्या आत मावळतो. एप्रिल-मेमध्ये ४४ अंश सोसणाऱ्या आपल्या माणसाला थंडी सोसते, अंधार सोसत नाही. माझा नवरा पहिल्या जानेवारीत दिवसभर दिवे लावून बसायचा. लोक अबोल आहेत, इंग्रजी म्युनिकइतकी चालत नाही. आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या नाताळच्या बाजारात एकाने गाडी घुसवून माणसं मारली. त्यानंतर परदेशी दिसणाऱ्या लोकांना शहरात जास्त त्रास झाला. माझ्या वेळीही ट्राममध्ये एका म्हाताऱ्याने माझ्या मुलीकडे बघून काहीतरी पुटपुटलं होतं, आणि समोरच्या बाईने उठून त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं. दोन्ही माणसं त्याच शहरातली. तुम्ही जाण्याआधी तिथल्या सध्याच्या मराठी, हिंदी विद्यार्थ्यांशी बोला, आणि त्यातही कुटुंब घेऊन राहणाऱ्यांशी. एकट्या पोराचं मत तुमच्या कामाचं नाही. नोकरी तिथेच मिळेल असंही नाही. पण पदवीनंतर जर्मनीत नोकरी शोधायला दीड वर्ष मिळतं, आणि तेव्हा तुम्हाला म्युनिकला जायला कुणी अडवत नाही. तेव्हा तुमच्या हातात पगारपत्रक असेल, आणि घराच्या रांगेत तुमची फाइल वर असेल.

मी तुमच्या जागी असते तर माग्डेबुर्ग घेतलं असतं. पत्नीने मोकळेपणी सांगितलं, की मला पहिल्या दिवसापासून कामावर जायचंय आणि नवी भाषा नको, तर मेलबर्न घ्या. मात्र मग वर्षभर थांबून पैसे जमवून जा.

कागदांचं आजच सुरू करा, यात लोक सर्वांत जास्त अडकतात. लग्नाची नोंदणी झाली आहे का? आपल्याकडे अर्ध्या लग्नांची पत्रिका असते आणि दाखला नसतो. पत्नीची शिक्षणाची कागदपत्रं माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं, आणि पासपोर्टवर तिसरंच, असं असेल तर आधी ते एकसारखं करून घ्या. मुलांच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव पासपोर्टसारखंच हवं. माझ्या मुलीच्या दाखल्यावर माझं नाव एका वेलांटीने चुकलं होतं, त्यासाठी दोन महिने गेले. जर्मनीसाठी हे दाखले तपासणीला पाठवतात आणि त्याला महिने लागू शकतात. तुमचं एपीएस प्रमाणपत्रही, म्हणजे शिक्षणाच्या कागदांच्या पडताळणीचं, नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना लागतंच.

प्रश्न : माझ्या मिस्टरांना अमेरिकेत एम.एस.ला प्रवेश मिळाला आहे. मी बी.एड. आहे, इथे शाळेवर आहे. तिथे मला शिकवता येईल का? शहर मोठं घ्यावं की लहान?
– एक वाचक, शहादा

उत्तर : ताई, विद्यार्थ्याच्या पत्नीला अमेरिकेत एफ-२ व्हिसा मिळतो आणि त्यावर नोकरी करता येत नाही, कुठलीच, अर्धवेळसुद्धा नाही. पूर्णवेळ पदवीलाही बसता येत नाही, थोडेफार वर्ग करता येतात. मुलांना मात्र सरकारी शाळेत जाता येतं. म्हणजे दोन वर्षं तुमचा पगार शून्य धरून हिशेब करा. आणि मग शहर असं बघा, जिथे तुम्हाला गाडीशिवाय बाजारात, ग्रंथालयात, मुलाच्या शाळेत जाता येईल. अमेरिकेत अशी ठिकाणं कमी आहेत. विद्यापीठाच्या आवारात कुटुंबांसाठी घरं आहेत का, हा पहिला प्रश्न मिस्टरांना विचारायला सांगा. इथली नोकरी सोडण्याआधी बिनपगारी रजा मिळते का तेही बघा.

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त झालो आहे, भुसावळला राहतो. मुलगा आणि सून जर्मनीला शिकायला निघाले आहेत. नातू चार वर्षांचा. मुलगा म्हणतो, घर मिळेपर्यंत सहा महिने नातवाला तुमच्याकडे ठेवा. आम्हाला आनंदच आहे, पण मन साशंक आहे. काय करावं?
– एक आजोबा, भुसावळ

उत्तर : आबा, माझी मुलगी वर्षभर भुसावळला राहिली, तुमच्यासारख्याच आजोबांकडे. तिचं काही कमी झालं नाही, खाल्लं-प्यायलं, खेळली, कानबाईच्या रोटांना अख्ख्या गल्लीत मिरवली. पण मी तिला न्यायला आले तेव्हा स्टेशनवर ती माझ्याकडे आली नाही. आजोबांच्या पायांमागे उभी राहिली. पुढचे चार दिवस तिने माझ्या हातून घास घेतला नाही. ते मी विसरलेले नाही.

म्हणून ठेवा, पण सहा महिन्यांच्या वर एक दिवस नाही, आणि मुलाकडून ती तारीख आधीच ठरवून घ्या. घर मिळालं नाही तर सुनेने तरी परत यावं. रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल करा, आणि तो जेवताना करा. नुसतं 'बोल, बोल' म्हटलं की पोर बोलत नाही, आईसमोर वरण-भात खाताना मात्र बोलतं. त्याला जर्मन शिकवायच्या भानगडीत पडू नका, घरातली भाषाच बोला. माझ्या सासूबाई पारोळ्याच्या. निघताना त्यांनी एकच विचारलं होतं, 'माय व, तठे पोरले काय खावाले देशी?' मुलीला आजही ते वाक्य त्यांच्याच सुरात म्हणता येतं. पासपोर्ट, जन्मदाखला घरात कुलपात ठेवा. मूल एका पालकाबरोबर प्रवास करणार असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र तयार ठेवा.

आणि जाताना त्याच्याबरोबर त्याची रोजची गोधडी द्या, नवीन नको, वापरातलीच. तिकडच्या बालवाडीत दुपारी सगळी मुलं झोपतात आणि पांघरूण घरून आणायचं असतं. माझ्या आईने जुन्या लुगड्याची शिवलेली गोधडी मुलीने तिथे नेली होती. दीड वर्ष ती तिथेच राहिली, शुक्रवारी धुवायला घरी यायची आणि सोमवारी परत जायची.